घरी पास, तिकडे फेल: ऑप्शनल मॉड्यूलच्या शंका

या वेळी पायथनच्या शंका भरपूर आल्यात आणि नाशिक, सिन्नर, निफाड पट्ट्यातून आलेल्या बऱ्याच शंका एकाच जागी येऊन अडकल्यात. कोडमध्ये सोय केलेली असते की अमुक मॉड्यूल (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) असेल तर ते घे, नसेल तर दुसरं घे आणि त्यालाच पहिल्याचं नाव दे. लिहायला चार ओळी लागतात, पण ते मॉड्यूल खरंच नसताना प्रोग्रॅम काय करतो हे बहुतेक जण चालवून बघतच नाहीत, कारण स्वतःच्या मशीनवर ते असतंच. माझं म्हणणं पहिल्यापासून एकच आहे, ऑप्शनल म्हणायचं असेल तर ते काढून टाकूनही टेस्ट चालवायच्या, नाहीतर सरळ कंपल्सरी करून टाकायचं. खाली शंकांच्या ओघात ते येईलच.

प्रश्न: सर, मी थर्ड इयर कॉम्प्युटरला आहे. प्रोजेक्टमध्ये द्राक्षाच्या पानांच्या फोटोवरून रोग ओळखायचाय. ओपनसीव्ही इन्स्टॉल केलं, सक्सेसफुली इन्स्टॉल्ड असं आलं, तरी इम्पोर्ट ओपनसीव्ही लिहिलं की मॉड्यूल नॉट फाउंड येतं. मैत्रीण म्हणाली एसकेलर्न पण टाक, तर ते इन्स्टॉलच होत नाहीये. लॅपटॉपमध्ये प्रॉब्लेम आहे का? (विद्यार्थिनी, गंगापूर रोड)

उत्तर: लॅपटॉप ठणठणीत आहे. पिपला, म्हणजे पॅकेज इन्स्टॉल करणाऱ्या कमांडला, सांगायचं नाव आणि इम्पोर्ट करायचं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आधार कार्डावर एक नाव असतं आणि घरात हाक दुसऱ्याच नावाने मारतात तसं. तू टाकलेल्या पॅकेजचं कागदावरचं नाव ओपनसीव्ही-पायथन, पण कोडमध्ये लिहायचं इम्पोर्ट सीव्ही२. असे बरेच आहेत. सायकिट-लर्न इन्स्टॉल करायचं आणि एसकेलर्न इम्पोर्ट करायचं, ब्यूटिफुलसूप४ चं बीएस४ होतं, पाययॅमलचं नुसतं यॅमल, आणि पिलो इन्स्टॉल केलं तरी इम्पोर्ट पीआयएल असंच लिहायचं, कारण पिलो हा जुन्या पीआयएलचा २०१० साली निघालेला फाटा आहे आणि लोकांचा जुना कोड बंद पडू नये म्हणून त्यांनी आतलं नाव तेच ठेवलं.

एसकेलर्न नावाचं जे पॅकेज पिपला दिसतं ते मुद्दामच एरर देतं, १ डिसेंबर २०२३ पासून ते कायमचं बंद केलंय, एरर नीट वाचलीस तर सायकिट-लर्न वापरा असं त्यातच लिहिलेलं सापडेल. आणि एक कळकळीने सांगतो, नाव आठवत नसलं की अंदाजाने दोन-चार नावं पिपला देऊन बघायची सवय लावून घेऊ नकोस. प्रसिद्ध पॅकेजच्या नावाशी मिळतीजुळती नावं घेऊन त्यात वाईट कोड घालून ठेवणारे लोक आहेत, आणि इन्स्टॉल करतानाच तो कोड चालू शकतो. पॅकेजच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये जे नाव दिलंय तेच टाकायचं.

तुझ्या पायथनमध्ये कुठलं इम्पोर्ट नाव कुठल्या पॅकेजमधून आलंय हे बघायचं असेल तर पायथन ३.१० पासून इम्पोर्टलिब डॉट मेटाडेटामध्ये पॅकेजेस अंडरस्कोर डिस्ट्रिब्युशन्स नावाचं फंक्शन आहे, ते चालवलं की सगळी यादीच मिळते. अजून एक, ओपनसीव्ही-पायथन आणि ओपनसीव्ही-पायथन-हेडलेस ही दोन्ही पॅकेजेस सीव्ही२ हेच नाव देतात, दोन्ही एकदम टाकली तर एकमेकांच्या फाइल्सवर फाइल्स बसतात, तेव्हा एकच ठेव. तुला विंडोत फोटो दाखवायचे असतील तर पहिलं, नुसतं सर्व्हरवर चालवायचं असेल तर हेडलेस.

प्रश्न: दादा, लासलगावच्या कांद्याच्या रोजच्या भावाची फाइल वाचून जेसन (प्रोग्रॅम एकमेकांना डेटा देतात तो मजकुराचा प्रकार) बनवणारं एक छोटं पॅकेज मी एका व्यापाऱ्यासाठी केलंय. वरती ट्राय-एक्सेप्ट टाकलंय, सिम्पलजेसन असेल तर ते जेसन नावाने घ्यायचं, नसेल तर पायथनचं जेसन घ्यायचं. माझ्याकडे सगळे टेस्ट पास. त्यांच्या सर्व्हरवर टाकलं तर पहिल्याच दिवशी एरर, डेसिमल टाइपचा ऑब्जेक्ट जेसन सीरियलायझेबल नाही म्हणून. कोड तोच, डेटा तोच. मग फरक कशाचा? (फ्रीलान्सर, इंदिरानगर)

उत्तर: फरक त्या वरच्या चार ओळींचाच आहे. तुम्ही दोन वेगळ्या लायब्ररींना एकच नाव दिलंत, आणि खालचा सगळा कोड समजून चाललाय की नाव एक म्हणजे वागणूकही एक. तशी ती नाहीये. सिम्पलजेसनच्या डम्प्समध्ये डेसिमल आपोआप आकडा म्हणून लिहिला जातो, तो पर्याय तिथे मुळातच चालू असतो, आणि पायथनसोबत येणारं जेसन डेसिमल दिसला की टाइप एरर देऊन थांबतं. तुम्ही भाव डेसिमलमध्ये ठेवलेत, ते बरोबरच केलंत, पैशाला फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) वापरायचाच नसतो. तुमच्या मशीनवर सिम्पलजेसन आहे म्हणून चाललं, त्यांच्याकडे नाही म्हणून अडलं.

आता तुम्ही म्हणाल मी तर ते कधी इन्स्टॉल केलंच नव्हतं. पिप शो सिम्पलजेसन असं चालवून बघा, शेवटी रिक्वायर्ड-बाय अशी ओळ येते, त्यात दुसऱ्याच कुठल्यातरी पॅकेजचं नाव असेल, त्याच्यासोबत ते गुपचूप येऊन बसलेलं असतं. ऑप्शनल मॉड्यूलची खरी गंमत हीच, की ते आहे हे तुम्हाला माहीतसुद्धा नसतं आणि तुमचा प्रोग्रॅम त्याच्या जिवावर चाललेला असतो.

तुमच्या बाबतीत माझं स्पष्ट मत आहे की सिम्पलजेसन काढून टाका. एवढ्या कामाला ते लागत नाही. पायथनच्या जेसनला डिफॉल्ट इज इक्वल टू एसटीआर एवढं सांगितलं की डेसिमल स्ट्रिंग म्हणून लिहिला जातो, फक्त लक्षात ठेवा की आधी फाइलमध्ये १८५०.५० हा नुसता आकडा जात होता आणि आता तो अवतरणचिन्हांत जाईल, म्हणजे ती फाइल पुढे ज्याच्या प्रोग्रॅममध्ये जाते त्याला आधी सांगावं लागेल. ते शक्य नसेल आणि आकडाच हवा असेल तर सिम्पलजेसनला कंपल्सरी डिपेंडन्सी करा, पायप्रोजेक्ट डॉट टॉमल या पॅकेजच्या माहितीच्या फाइलमधल्या डिपेंडन्सीजमध्ये (लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत) टाका आणि ट्राय-एक्सेप्ट पूर्ण काढा. मधलं काही ठेवू नका.

दोन मॉड्यूलना एकच ॲलियस, म्हणजे टोपणनाव, कधी द्यावा याचं चांगलं उदाहरण टॉमलचं, म्हणजे सेटिंग्ज लिहायच्या फाइल-प्रकाराचं आहे. पायथन ३.११ ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं तेव्हा टॉमल फाइल वाचायला टॉमलिब नावाचं मॉड्यूल पायथनमध्येच आलं, आणि ते आधीच्या टॉमली या पॅकेजवरूनच घेतलेलं आहे. फंक्शनं तीच, फाइल बायनरी मोडमध्ये उघडायची अटही तीच. म्हणून टॉमलिब नसेल तर टॉमली घेऊन त्याला टॉमलिब म्हणणं सुरक्षित आहे. उलट एक्सएमएल फाइल्स वाचणाऱ्या एलएक्सएमएलच्या ईट्रीला आणि पायथनच्या एलिमेंट-ट्रीला एकच नाव देणारे लोक फसतात, कारण एलएक्सएमएलमध्ये पूर्ण एक्सपाथ (फाइलमधला भाग शोधायची भाषा) आणि गेट-पेरेंट मिळतं, पायथनच्या त्यात एक्सपाथ अगदी मर्यादित आहे आणि गेट-पेरेंट नाहीच, आणि ते कळतं कधी, तर ती ओळ पहिल्यांदा चालते तेव्हा.

आता टेस्टचं. मॉड्यूल नसल्याचं नाटक करायला ते अनइन्स्टॉल करायची गरज नाही. पायटेस्ट या टेस्ट चालवायच्या साधनात मंकीपॅच ही टेस्टपुरता बदल करायची सोय आहे, तिने सिस डॉट मॉड्यूल्समध्ये, म्हणजे लोड झालेल्या मॉड्यूल्सच्या पायथनच्या वहीत, सिम्पलजेसन या नावापुढे नन (काहीच नाही) ठेवायचं, मग कुणीही ते इम्पोर्ट करायला गेलं की पायथन मॉड्यूल नॉट फाउंडच देतं. पण इथे बरेच जण एक पायरी विसरतात. तुमचं मॉड्यूल आधीच लोड झालेलं असेल तर ट्राय-एक्सेप्ट एकदा चालून गेलेलं असतं, आता नन ठेवून काही होत नाही, इम्पोर्टलिब डॉट रीलोडने तुमचं मॉड्यूल परत लोड करावं लागतं आणि टेस्ट संपल्यावर पुन्हा एकदा रीलोड करून पूर्ववत करावं लागतं, नाहीतर पुढचे टेस्ट अर्धवट अवस्थेत चालतात आणि भलत्याच ठिकाणी फेल होतात. म्हणूनच असे सगळे ट्राय-एक्सेप्ट एकाच छोट्या फाइलमध्ये ठेवावेत आणि बाकी सगळ्यांनी तिथूनच घ्यावं, म्हणजे रीलोडही कमी फाइल्सचं करावं लागतं. आणि एवढं करूनही एक नवीन व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पायथनची वेगळी कोरी जागा, बनवून त्यात फक्त तुमचं पॅकेज टाकून टेस्ट चालवाच. व्यापाऱ्याच्या सर्व्हरवर जी परिस्थिती आहे ती तिथेच दिसते, तुमच्या रोजच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये ती कधीच दिसणार नाही.

प्रश्न: पिंपळगाव बसवंतजवळ आमचं द्राक्षाचं पॅकहाउस आहे. वजनाच्या नोंदींचा प्रोग्रॅम पुतण्याने पायथनमध्ये करून दिलाय. पॅकहाउसच्या कॉम्प्युटरला नेट नाही, विंडोज ७ आहे, पायथन ३.८. पुतण्याने त्याच्या लॅपटॉपवर, तिथे ३.१२ आहे, सगळं पेनड्राइव्हवर डाउनलोड करून दिलं, पण इथे टॉमलीसाठी मॅचिंग डिस्ट्रिब्युशन सापडलं नाही असं येतं. त्याच्याकडे तर टॉमली लागतच नाही म्हणतो. (बागायतदार, ता. निफाड)

उत्तर: काका, दोघंही खरं सांगताय. प्रोग्रॅमच्या पायप्रोजेक्ट फाइलमध्ये अशी अट लिहिलेली असणार की पायथन ३.११ पेक्षा जुनं असेल तरच टॉमली घे. पुतण्याच्या लॅपटॉपवर पिप डाउनलोड चाललं तेव्हा ती अट त्याच्या ३.१२ ला लावून बघितली गेली, टॉमली नको असं ठरलं, म्हणून पेनड्राइव्हवर ते आलंच नाही. तुमच्याकडे ३.८, तिथे अट लागू झाली आणि ते हवं झालं.

त्याला सांगा, लॅपटॉपवर ३.१२ च्या शेजारीच पायथन ३.८ पण टाक, दोन्ही एकत्र सुखाने राहतात. विंडोजसाठी तयार इन्स्टॉलर मिळणारं ३.८ मधलं शेवटचं व्हर्जन ३.८.१० आहे. मग पीवाय उणे ३.८ असं सांगून त्याच पायथनच्या पिपने डाउनलोड करायचं, म्हणजे अटी तुमच्या मशीनला लागतील तशाच लागतील. तुमच्या मशीनवरचं पायथन ३२ बिटचं आहे की ६४ चं तेही त्याला कळवा, कारण काही पॅकेजेसच्या व्हील फाइल्स (इन्स्टॉलला तयार फाइल्स) त्यानुसार वेगळ्या असतात. प्रोग्रॅममध्ये एक्सेल रिपोर्टसारखी एखादी जादा सोय चौकटी कंसात नाव देऊन टाकायची असेल तर डाउनलोड करतानाही ते कंसातलं नाव द्यायचं, नुसतं पॅकेजचं नाव दिलं तर जादा सोयीची पॅकेजेस येत नाहीत.

आणि पेनड्राइव्ह घेऊन पॅकहाउसला येण्याआधी त्याने लॅपटॉपचं वायफाय बंद करावं, ३.८ चं नवीन एन्व्हायर्नमेंट बनवावं, पिपला नो-इंडेक्स (नेटवर शोधू नको) आणि फाइंड-लिंक्स (या फोल्डरमध्ये शोध) सांगून फक्त पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल करावं आणि टेस्ट तिथेच चालवाव्यात. हंगामात ट्रक दारात उभा असताना एरर शोधत बसण्यापेक्षा हा अर्धा तास फार मोलाचा आहे. पायथन ३.८ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला आणि ३.९ पासून पुढचं विंडोज ७ वर चालत नाही. नेट नाही म्हणून आज निभावतंय, पण पुढच्या हंगामाआधी मशीन बदलायचा विचार करा.

प्रश्न: नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका, एका वाचनालयाच्या सभासदांची यादी मराठी अकारविल्हे लावणारा प्रोग्रॅम हौसेने शिकून लिहिलाय. पायआयसीयू (भाषेप्रमाणे क्रम लावणारं पॅकेज) वापरलंय, पण ते सगळ्यांकडे इन्स्टॉल होत नाही म्हणून ऑप्शनल ठेवलंय, नसेल तर साधं सॉर्ट. माझ्याकडे यादी अगदी बरोबर येते. वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर ‘क्षमा’ ही ‘कौमुदी’च्या खाली जाऊन बसते आणि ‘ॲना’ सगळ्यात शेवटी. एरर काहीच येत नाही. (पंचवटी)

उत्तर: ताई, तुमची शंका वाचून फार आनंद झाला. आणि मला विचाराल तर या महिन्यातली सगळ्यात गंभीर शंका हीच आहे, कारण बाकीच्यांकडे निदान एरर तरी आली. तुमच्याकडे प्रोग्रॅम न कुरकुरता चुकीची यादी छापून देतोय.

होतं काय ते सांगतो. साधं सॉर्ट अक्षरांचा क्रम बघत नाही, युनिकोडमधले नंबर बघतं. ‘क्ष’ला तिथे स्वतंत्र नंबर नाही, तो क, हलन्त आणि ष असा तीन तुकड्यांत साठवलेला असतो, आणि हलन्ताचा नंबर सगळ्या काना-मात्रांच्या नंतर येतो, अगदी औच्या मात्रेच्याही नंतर. म्हणून ‘क्षमा’ ही ‘कौमुदी’च्या खाली आणि ‘खंडू’च्या वर. ‘ज्ञ’चं तसंच, तो ज मध्ये जाऊन बसतो. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये बरंच नंतर आलं, त्याचा नंबर ‘ह’च्याही पुढे आहे, म्हणून ‘ॲना’ तळाला. ‘ळ’ तर ‘ल’ला लागूनच आहे, आपण शाळेत शिकवतो तसा ‘ह’च्या नंतर नाही. पायआयसीयू हे आयसीयू लायब्ररीचे मराठीसाठी असलेले नियम वापरतं, त्यामुळे तुमच्याकडची यादी आपल्याला अपेक्षित क्रमाने येते.

तर इथे ऑप्शनल ठेवायचं का? माझं मत, ठेवा, पण मुकाट्याने नको. पायआयसीयू विंडोजवर टाकणं कटकटीचं आहे हे खरं, लिनक्सवरसुद्धा पिपने टाकायचं तर कम्पायलर आणि आयसीयूच्या डेव्हलपमेंट फाइल्स लागतात. वाचनालयात उबुंटू असेल तर पायथन३-आयसीयू नावाचं तयार पॅकेज ॲप्टमधून (उबुंटूच्या इन्स्टॉलरमधून) मिळतं, ते टाकायचं आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवताना सिस्टम-साइट-पॅकेजेस हा पर्याय द्यायचा, म्हणजे आतून ते दिसतं. पॅकेजचं नाव पायआयसीयू असलं तरी कोडमध्ये इम्पोर्ट आयसीयू हे तर तुम्ही केलेलंच आहे.

आणि ते जिथे नसेल तिथे प्रोग्रॅमने यादीच्या डोक्यावर ठळक ओळ छापावी, ‘ही यादी मराठी वर्णक्रमाने लावलेली नाही’. टेस्ट दोन लिहा. एक पायआयसीयू असताना चालणारी, त्यात तुम्हाला पाठ असलेली पाच-सहा नावं घ्या, कौमुदी, खंडू, ज्योती, हेमंत, क्षमा, ज्ञानेश्वर, आणि क्रम तपासा. दुसरी पायआयसीयू नसताना चालणारी, तिने क्रम तपासायचा नाही, एकही सभासद गळला नाही ना आणि ती सूचनेची ओळ आली ना एवढंच बघायचं. बऱ्याच जणांची दुसरी टेस्ट लिहायची राहूनच जाते, ती तुम्ही नक्की लिहा.

प्रश्न: पायटेस्टमध्ये इम्पोर्ट-ऑर-स्किप (मॉड्यूल नसेल तर टेस्ट सोडून देणारं) वापरतो. रोज हिरवं येतं, बाजूला काही स्किप्ड असं दिसतं. साहेब म्हणतात हिरवं आहे ना, मग सोडा. सोडू का? (सातपूर एमआयडीसी)

उत्तर: नका सोडू. स्किप झालेला टेस्ट नापास धरला जात नाही म्हणून हिरवं दिसतं, पण तो चाललेलाच नसतो. पायटेस्टला उणे आरएस असा पर्याय द्या, कुठला टेस्ट का स्किप झाला ते शेवटी लिहून येतं, ती यादी साहेबांना दाखवा. मी बघितलंय की एखाद्या टेस्टमध्ये ऑप्शनल पॅकेजचं नावच चुकीचं लिहिलेलं असतं, इम्पोर्टच्या जागी इन्स्टॉलचं नाव, म्हणजे पाययॅमल असं, आणि तो टेस्ट जगात कुठेच कधीच चालत नाही. तुमच्या ऑटोमॅटिक टेस्टिंगमध्ये दोन जॉब ठेवा, एकात सगळ्या ऑप्शनल गोष्टी टाकलेल्या आणि तिथे एकही स्किप खपवून घ्यायचा नाही, दुसऱ्यात एकही नाही.

याला जोडूनच, कोडमध्ये एक्सेप्ट इम्पोर्ट एरर लिहिता का एक्सेप्ट मॉड्यूल नॉट फाउंड एरर? पहिल्यात दुसरं येतंच, पण पहिलं जास्त पसरट आहे. सीव्ही२ इन्स्टॉल आहे पण सर्व्हरवर ग्राफिक्सची एखादी सिस्टम फाइल नाही, तरी इम्पोर्ट एररच येते, आणि तुमचा कोड समजतो की ओपनसीव्ही नाहीच. म्हणजे बिघडलेलं इन्स्टॉलेशन ‘नाही’ म्हणून खपून जातं. मॉड्यूल नॉट फाउंड एरर पायथन ३.६ पासून आहे, तीच पकडा. पायटेस्टनेसुद्धा ८.२ पासून मॉड्यूल सापडलं पण लोड होताना फसलं तर वॉर्निंग द्यायला सुरुवात केलीय.

प्रश्न: कंपनीच्या आतल्या वापराच्या पॅकेजचं नाव आम्ही ‘मोजणी’वरून ‘मापन’ केलं. जुन्या स्क्रिप्ट चालत राहाव्यात म्हणून मोजणी नावाच्या पॅकेजमध्ये सिस डॉट मॉड्यूल्समध्ये मोजणीच्या जागी मापन ठेवलं. बरंचसं चालतं, पण एका ठिकाणी इझइन्स्टन्स (ऑब्जेक्ट त्या क्लासचा आहे का ते सांगणारं) फॉल्स देतंय, रीडिंग क्लासचा ऑब्जेक्ट असून रीडिंग नाही म्हणतंय. दोन दिवस डोकं फिरलंय. (सिन्नर)

उत्तर: तुमची जुनी स्क्रिप्ट नुसतं इम्पोर्ट मोजणी लिहीत नसणार, इम्पोर्ट मोजणी डॉट सेन्सर असं काहीतरी लिहीत असणार. पायथन लोड झालेली मॉड्यूल्स नावाने लक्षात ठेवतं. मोजणी या नावाला तुम्ही मापन जोडलंत, पण मोजणी डॉट सेन्सर हे नाव त्याच्या वहीत नाहीच, मग ते मोजणीचा, म्हणजे खरं तर मापनचा फोल्डर बघतं, त्यात सेन्सरची फाइल सापडते आणि ती नव्या नावाने पुन्हा लोड करतं. एकच फाइल दोन नावांनी दोनदा लोड झाली, त्यामुळे रीडिंग नावाचे दोन क्लास तयार झाले. दिसायला सारखे, पायथनच्या लेखी वेगळे. एकाचा ऑब्जेक्ट दुसऱ्याचा नाहीच, त्यामुळे इझइन्स्टन्स खरंच सांगतंय.

उपाय असा की प्रत्येक सबमॉड्यूलचं जुनं नावही त्याच जागी नोंदवा, आधी मापन डॉट सेन्सर इम्पोर्ट करा आणि मग सिस डॉट मॉड्यूल्समध्ये मोजणी डॉट सेन्सर या नावापुढे तेच ठेवा. आणि टेस्ट लिहा ती इझने तपासणारी लिहा, जुन्या नावाने आलेला क्लास आणि नव्या नावाने आलेला क्लास एकच आहे का, नुसतं दोन्ही इम्पोर्ट होतात का एवढं बघू नका, तेवढं तर आत्ताही पास होतंय. सोबत वॉर्निंगही द्या की नाव बदललंय. डेप्रिकेशन वॉर्निंग पायटेस्टमध्ये दिसते पण नेहमीच्या वापरात बहुतेक ठिकाणी लपलेली राहते, तेव्हा शॉपफ्लोअरवरच्या लोकांना दिसायला हवी असेल तर फ्यूचर वॉर्निंग द्या.

प्रश्न: नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी) ॲज एनपी इम्पोर्ट केलंय, टेस्टमध्ये पॅच करताना, म्हणजे तात्पुरतं बदलताना, एनपी डॉट मीन लिहिलं तर एनपी नावाचं मॉड्यूलच नाही म्हणतं. का? (कॉलेज रोड)

उत्तर: कारण एनपी हे नाव फक्त तुमच्या त्या फाइलपुरतं आहे, पायथनच्या नोंदीत ते नमपायच आहे. पॅच करताना आधी तुमच्या फाइलचं नाव लिहा आणि मग एनपी डॉट मीन. फक्त याने नमपायचंच मीन बदललं जातं, ती टेस्ट चालू असेपर्यंत दुसरीकडे कुणी ते वापरलं तर त्यालाही बदललेलंच मिळेल.

प्रश्न: रीडमीमध्ये दिलेली चौकटी कंसातली कमांड विंडोजवर चालते, माझ्या मॅकवर नो मॅचेस फाउंड. पॅकेज मॅकला चालत नाही का? (देवळाली)

उत्तर: चालतं. मॅकचं झेडशेल चौकटी कंस स्वतःसाठी समजतं, फाइलची नावं शोधायला, आणि तशी फाइल नसली की कमांड पिपपर्यंत पोचतच नाही. पॅकेजचं नाव कंसासकट दुहेरी अवतरणचिन्हांत टाका. रीडमी ज्यांनी लिहिलंय त्यांनाही कळवा की दुहेरीच लिहा, एकेरी अवतरणचिन्हं विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टला समजत नाहीत.